वेलांटी जागेवर

(दृश्य: लाकडी कपाटाचा खण उघडतो. कार्डांवरून फिरणारी बोटं.)

साडेबारा सेंटिमीटर रुंद, साडेसात उंच. ग्रंथालयांचं तालिका-कार्ड याच मापाचं. खालच्या भोकातून सळई ओवलेली, म्हणजे कार्ड कुणी उपसून नेऊ नये. गिरगावातल्या या वाचनालयात लेखकांची नावं शाईने लिहिलीत आणि कार्डांच्या वरच्या कडा हात लागून लागून काळपट झाल्यात.

कार्डांवरून नोंदी संगणकात गेल्या त्या सीडीएस-आयसिसमध्ये. युनेस्कोचं हे सॉफ्टवेअर 1985 साली आलं आणि फुकट मिळायचं. आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांचं पहिलं संगणकीकरण त्यावरच झालं. त्यात रकान्यांचे क्रमांक ज्याने त्याने आपापले ठरवायचे. इथे शीर्षक 24 मध्ये, लेखक 70 मध्ये. आता या नोंदी न्यायच्या कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये. त्याला मात्र मार्क हा नोंदींचा ठरलेला साचा लागतो, तिथे शीर्षक 245, लेखक 100.

(दृश्य: स्क्रीनवर नोंदी बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकभाषेतला छोटा प्रोग्राम.)

आयसिसमधून काढलेली फाइल दर 80 अक्षरांवर तुटलेली असते. आधी त्या ओळी सांधायच्या. 24 चं 245 करणं हे नुसतं कोष्टक, ते लगेच जमतं. खरी मेहनत मराठीची.

जुन्या फाँटात आत साठवलेले असतात भलतेच कोड, वर दिसतं देवनागरी. फाँट काढला की नोंदीचा अर्थच लागत नाही. ‘दिवाळी’ची पहिली वेलांटी दिसते तशीच साठवलेली, म्हणजे आधी वेलांटी, मग द. युनिकोडला, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण कोडला, आधी द हवा. ‘पूर्व’चा रफार उलटा, जुन्या फाँटात तो व च्या मागून येतो, युनिकोडमध्ये र व च्या आधी.

“बाई, ‘अस्मिता’ आली का नीट?”

“नाही रे. वेलांटी त्या अर्ध्या स लाच धरून बसलीय.”

स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढते: अर्धं अक्षर लागलं तर थांबू नकोस, पूर्ण अक्षरापर्यंत जा.

(दृश्य: आकड्यांची लांबलचक रांग.)

मार्कच्या नोंदीत सुरुवातीलाच 24 अक्षरांचा शिरोभाग, त्यामागे प्रत्येक रकान्यासाठी 12 आकडे: क्रमांक, लांबी, सुरुवात कुठून. ही लांबी बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या मापात मोजायची. ‘मुंबई’त चिन्हं 5, पण यूटीएफ-8 या युनिकोड साठवायच्या पद्धतीत बाइट 15. चिन्हं मोजलीत की पुढचा रकाना मधूनच तुटतो.

हे सगळं टाळायचं तर नावं रोमनमध्ये लिहा, असा सल्ला सर्रास मिळतो. पण साध्या रोमनमध्ये काळे आणि काले एकच होतात. मराठी पुस्तकाची नोंद मराठीतच हवी, तिथे तडजोड नको.

तालिका आता मोबाइलवरही शोधता येते, अगदी डोंबिवलीहून.

(दृश्य: बाई शोधचौकटीत ‘दिवाळी’ टाइप करतात. निवेदन नाही. मागे खण बंद झाल्याचा आवाज.)