आधी घरचं ताट, मग धंदा : मांसासाठी ससेपालन

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'मांसासाठी घरगुती ससेपालन : हिशोब आणि पद्धत'. दोन्हीवर बोलणार आहे. समोर निम्मी मंडळी गच्चीवर बाग करणारी आहेत. पुढच्या रांगेत काहीजण रिकाम्या पिशव्या घेऊन बसलेत, म्हणजे लेंडीखत कुणाला हवंय ते कळलं! घेऊन जा, शेणासारखं कुजवत बसावं लागत नाही, सरळ कुंडीत घाला. पण लेंडी हे जोडउत्पन्न आहे. मी आलोय मटणाबद्दल बोलायला.

हिशोबाआधी एक हकीकत सांगतो. ती ऐकल्याशिवाय हिशोबाला अर्थ नाही.

माझा मावसभाऊ पुरंदर तालुक्यात असतो. थोडी अंजिराची बाग, बाकी कोरडवाहू. त्याच्याकडे एका कंपनीचा माणूस आला. सोबत छापील माहितीपत्रक आणि रंगीत फोटो. म्हणाला, एक युनिट घ्या : ७ माद्या, ३ नर, पिंजरे आमचे, औषधं आमची, खाद्याच्या गोण्या आमच्याकडूनच, आणि पिल्लं तीन महिन्यांची झाली की आम्हीच परत विकत घेणार. स्टॅम्पपेपरवर करार. भावाने सोसायटीचं कर्ज काढलं.

पहिली खेप कंपनीने उचलली आणि रोख पैसे दिले. गावात बातमी फिरली, आणखी चार घरांनी युनिट घेतलं. दुसऱ्या खेपेला वजन कमी भरतंय म्हणून भाव पाडला. तिसरी खेप कानात खरूज आहे म्हणून नाकारली. (कानाची खरूज सशाला होतेच. कानात तपकिरी खपल्या धरतात, ससा सारखी मान झटकतो. जनावरांच्या डॉक्टरांकडून औषध घेतलं की बरी होते, त्यासाठी खेप परत करायचं काही कारण नाही.) मग फोन लागेनासा झाला. खाद्याची गोणी मात्र दर आठवड्याला लागतच होती. आणि ससा थांबत नाही हो! नर-माद्या वेळेवर वेगळ्या केल्या नाहीत तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून गाभण राहायला लागतात. मी गेलो तेव्हा शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मुताचा वास डोळ्यांत चुरचुरत होता, पिंजऱ्यांचे तळ गंजलेले.

वहिनी चहा घेऊन आली आणि मला म्हणाली, "भाऊजी, एवढं सगळं झालं, पण हे खातं तरी कोण?"

मंडळी, आजचं माझं व्याख्यान या एका प्रश्नावर उभं आहे. त्या माहितीपत्रकात दर होता, वजन होतं, नफ्याचं कोष्टक होतं, पण खाणाऱ्याचा पत्ता नव्हता. भावाची पिल्लं मांसाला जातच नव्हती. ती पुढच्या गावात नव्या युनिटमध्ये पैदाशीला जात होती. पुढच्या शेतकऱ्याने आगाऊ भरलेल्या पैशातून मागच्याचं बिल भागत होतं. नवा शेतकरी मिळेनासा झाला त्या दिवशी सगळं कोसळलं. तमिळनाडूत २०१२ मध्ये इमू या शहामृगासारख्या पक्ष्याचं हेच झालं. आपल्याकडे सांगलीकडे २०१९ मध्ये कडकनाथ कोंबडीचं हेच झालं. यात कडकनाथचा काय दोष? झाबुआचा तो पक्षी उत्तमच आहे, त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही आहे. दोष आहे तो मांसाच्या जनावराला मांसाच्या भावाऐवजी बियाण्याच्या भावाने विकण्याचा.

भावाचे बरेचसे ससे शेवटी पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मातीमोल गेले. घरात कुणाला कापता येत नव्हतं, शिजवायची पद्धत ठाऊक नव्हती. मला संताप येतो तो पैशापुरता नाही. थोडक्या जागेत, पाल्यावर वाढणारं, आरडाओरड न करणारं हे जनावर लहान घराला खरोखर उपयोगी आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेत मांसाची टंचाई झाली, तेव्हा लोकांनी परसात ससेच पाळले. आणि इथे त्याचं नाव काढलं की लोक लांबूनच हात जोडतात.

मागून कुणीतरी विचारतंय, ससा मारणं बेकायदा ना? रानातला ससा मारणं बेकायदा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. आपण पाळतो तो प्राणीच निराळा. त्याचे पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचे, बिळात राहणारे. रानसशाची पिल्लं अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडीनागडी, डोळे मिटलेली. त्यांचे डोळे दहाव्या दिवसाच्या आसपास उघडतात.

आणि पिल्लांवरून आठवलं, हे सांगतोच. विण्याच्या आधी मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून खोक्यात गादी करते. वरून केस जरा हलताना दिसले की समजावं, खाली पिल्लं ऊब धरून आहेत. ती पाजते दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटं, रात्री नाहीतर पहाटे. नवखा माणूस दिवसभर बघतो आणि आईने टाकली म्हणून ड्रॉपरने गाईचं दूध पाजत बसतो. बरीच पिल्लं त्यातच जातात. तसं करू नका. सकाळी पोट बघा, ते गोल आणि तट्ट असेल तर आई तिचं काम करते आहे.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत. बरं, हिशोब घ्या.

१ नर, २ माद्या. यापेक्षा जास्त नको. गाभणकाळ ३१ दिवसांचा. मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीकडे नाही, ती त्याला हुसकावते. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये जोड लावायची नाही. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो. पारा तिशीच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि कडक उन्हात नराची जननक्षमता तात्पुरती जाते. म्हणजे वर्षाला ४ वेतं धरा, वेताला ५ पिल्लं हाती लागतील असं धरा. दोन माद्यांची ४० पिल्लं. तीन महिन्यांत साधारण २ किलो जिवंत वजन, त्यात मटण निम्मं. वर्षाला ४० किलो, आठवड्याला पाऊण किलो. चौघांच्या घराला एक रविवार.

खर्चाचं मुख्य म्हणजे खाद्य. नुसत्या गोळीखाद्यावर वाढवलात तर एक किलो वजनाला साडेतीन-चार किलो खाद्य जातं. ब्रॉयलर कोंबडी दोन किलोच्या आतच एक किलो भरते. म्हणजे विकतच्या खाद्यावर ससा कोंबडीशी स्पर्धा करू शकत नाही, हे माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. ससा परवडतो तो फुकटच्या पाल्यावर : लसूणघास, हादगा, शेवरी, बागेतला निवडलेला चारा, मंडईतला मुळ्या-गाजराचा पाला. गोळी थोडी, मुख्यतः पाजणाऱ्या मादीला. पाला सुकवून, मलूल करूनच घाला. ओल्या पाल्याने आणि कोबीने पोट फुगतं आणि ससा रातोरात जातो. सुबाभूळ जास्त नको, त्यात विषारी द्रव्य असतं.

जागा बंगल्याच्या परसात किंवा गावच्या घरी. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये कापाकापी करून शेजाऱ्यांशी वैर घेऊ नका. पिंजरा जमिनीपासून उंच, कारण घूस पिल्लं ओढून नेते. मांस विकायचं म्हटलं की अन्नसुरक्षा परवाना वगैरे सगळं आलं, म्हणून मी घरच्या ताटापुरतंच बोलतोय.

कापणं. हे जाणकाराकडून हातात धरून शिका, पुस्तकातून नाही. आदल्या रात्री चारा बंद, पाणी चालू. एका झटक्यात जीव जायला हवा. विनाकारण यातना देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कातडं पायमोजा उलटा काढावा तसं निघतं. काळीज, म्हणजे यकृत बघा. त्यावर पांढरे ठिपके असतील तर रक्ती हगवण करणाऱ्या जंतूच्याच जातीचा कॉक्सिडिया हा परजीवी यकृतात शिरलाय, ते काळीज टाका आणि बाकीच्या सशांना औषध द्या. पित्ताची पिशवी अलगद काढा, फुटली की मांस कडू. घरात लहान मुलं असतील तर कुठले खायचे आणि कुठला लाडाचा, हे पहिल्या दिवशी सांगून टाका. नंतर खोटं बोलायची वेळ आणू नका.

शिजवताना लक्षात ठेवा, या मटणाला चरबी फारच कमी असते. सुकं करायला गेलात तर चामट होतं. हळद, मीठ, दही लावून ठेवा, कांदा-खोबऱ्याचं वाटण सढळ, झाकण ठेवून मंद आचेवर. म्हाताऱ्या मादीचा फक्त रस्सा, तोही कुकरमध्ये.

ससे कुठून घ्यायचे? जो स्वतः खातो त्याच्याकडून, जो परत घ्यायचा करार देतो त्याच्याकडून नाही. न्यूझीलंड व्हाईट किंवा सोव्हिएत चिंचिला जातीचा ससा चालेल. आत्ता मार्च आहे, आत्ता आणू नका. उन्हाळ्यात पिंजरे बनवून घ्या, झाडाच्या सावलीची जागा ठरवा, दोन वाफे लसूणघास पेरा. जुलैत हवा गार झाली की तीन महिन्यांची पिल्लं आणा. दिवाळीपर्यंत ती जोडीला येतील, पहिलं वेत थंडीत होईल. लेंडीच्या पिशव्या बाहेर टेबलाशेजारी आहेत.