फॉरमॅट मारण्याआधी पोर्ट बघा

(जुनी चित्रफीत. मोठा मंच, मागे भलामोठा पडदा.)

२० एप्रिल १९९८. शिकागोत कॉमडेक्स हे कॉम्प्युटरचं प्रदर्शन भरलंय. मंचावर बिल गेट्स आणि त्यांचे सहकारी ख्रिस कापोसेला. विंडोज ९८ बाजारात यायला दोन महिने आहेत. स्कॅनरची वायर नुसती यूएसबीत लावायची, बाकीचं विंडोज बघून घेईल, हे कापोसेला यांना दाखवायचंय. वायर लागते, ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम, लोड व्हायला लागतो आणि सगळा पडदा निळा होतो. लोक हसतात, टाळ्या वाजवतात. म्हणूनच विंडोज ९८ अजून विक्रीला काढलेलं नाही, असं म्हणून गेट्स वेळ मारून नेतात.

एक वायर लावली आणि अख्खा कॉम्प्युटर झोपला. हे आजही होतं.

(महा ई-सेवा केंद्राचं टेबल. वायरींचा गुंता.)

जून महिना. दाखल्यांसाठी रांग लागलेली. प्रिंटर, वेबकॅम, ठसे घेणारं मशीन, इंटरनेटचं डोंगल, सगळं यूएसबीवर. ठशांचं मशीन लावलं की पीसी रिस्टार्ट होतो. दुरुस्तीवाला येतो आणि पहिलं वाक्य बोलतो, "फॉरमॅट मारावं लागेल." म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकायचं. दिवस वाया जातो, प्रिंटरपासून सगळे ड्रायव्हर पुन्हा टाकावे लागतात आणि पुढच्या आठवड्यात तेच मशीन लावलं की पुन्हा तेच. दोष पोर्टात, म्हणजे वायर जिथे खुपसतो त्या खाचेत असेल, तर विंडोज कितीदाही टाका, तो जागचा हलत नाही. रांगेतल्या माणसाला मात्र उद्या पुन्हा यावं लागतं.

(कॅमेरा पोर्टाच्या तोंडाशी. टॉर्चचा उजेड.)

हे पोर्ट नीट बघा. आत प्लास्टिकची एक पट्टी, तिच्यावर चार पिना. कडेच्या दोन पिनांपैकी एकीवर ५ व्होल्ट, दुसरी ग्राउंड. मधल्या दोन डेटाच्या. यूएसबी २ च्या पोर्टातून उपकरणाला ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. आता ही पट्टी बघा, मोडलेली आहे. पेन ड्राइव्ह उलटा रेटला, की असं होतं. ५ व्होल्टची पिन वाकून बाहेरच्या पत्र्याला टेकली आहे आणि तो पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. म्हणजे सरळ शॉर्ट. मदरबोर्डावरचं, म्हणजे पीसीच्या मुख्य बोर्डावरचं संरक्षण चांगलं असेल, तर तेवढंच पोर्ट बंद पडतं. नसेल तर पीसी खटकन बंद होतो. काही मदरबोर्ड चालू होतानाच इशारा देतात, की यूएसबी जास्त करंट ओढतंय, १५ सेकंदांत मशीन बंद होईल. हा इशारा दिसला, की सगळं काढून टाका आणि टॉर्च घेऊन प्रत्येक पोर्टात डोकावा. कोकणात, किनाऱ्यालगत, पिनांवर हिरवट गंजही चढलेला सापडतो.

दुसरा संशयित ड्रायव्हर. यूएसबीचे बरेचसे ड्रायव्हर विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात चालतात. साधा प्रोग्राम कोसळला, तर एक खिडकी बंद होते. कर्नलमधल्या ड्रायव्हरने नको त्या मेमरीला हात लावला, तर विंडोज सगळंच थांबवतं, कारण तसंच पुढे चालवलं तर हार्ड डिस्कवरच्या फायली बिघडू शकतात. म्हणजे तो निळा पडदा, जो आता विंडोज ११ मध्ये काळा झालाय, तुमच्या कामाची राखणच करत असतो. त्याच्यावर लिहिलेलं नाव वाचा, फोटो काढा. 'बगकोड यूएसबी ड्रायव्हर' असेल, तर दिशा उघड आहे. 'ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर' असेल, तर मशीन झोपताना किंवा जागं होताना कुठला तरी ड्रायव्हर अडकला.

(पडद्यावर इव्हेंट व्ह्यूअर.)

दोघांतला दोषी ओळखायचा कसा? इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडा. 'कर्नल पॉवर ४१' ही नोंद म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे कोसळण्याचं कारण सांगणारा आकडा शून्य असेल आणि विंडोज कोसळतानाची माहिती जिथे साठते त्या मिनिडम्प फोल्डरमध्ये काहीच नसेल, तर आधी विजेवर संशय घ्या. पोर्ट, वायर, पीसीला वीज पुरवणारा एसएमपीएस. त्या फोल्डरमध्ये डम्प फाइल असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत प्रोग्राममध्ये ती उघडा, बऱ्याचदा ड्रायव्हरचं नावच समोर येतं.

मात्र एक गुंतागुंत आहे. ढिलं पोर्ट उपकरणाला सारखं जोडतं आणि तोडतं. कच्चा ड्रायव्हर ते झेपवू शकत नाही आणि कोसळतो. डम्पमध्ये नाव ड्रायव्हरचं, मूळ दुखणं पोर्टाचं. म्हणून तेच उपकरण मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डावरच्या पोर्टाला लावून बघा. तिथे बिनतक्रार चाललं, तर पुढच्या पोर्टाचा किंवा त्याच्या आतल्या वायरीचा दोष. तेच उपकरण दुसऱ्या पीसीवरही गोंधळ घालत असेल, तर पोर्टाला दोष देऊ नका.

ड्रायव्हर बदलायचा तर उपकरण आणि मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, माझं यावर ठाम मत आहे. नव्या ड्रायव्हरनंतरच त्रास सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं 'रोल बॅक' आहे. मशीन थोडा वेळ रिकामं राहिल्यावरच अडकत असेल, तर पॉवर ऑप्शन्समधलं, रिकाम्या यूएसबी उपकरणाला झोपवणारं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करून दोन दिवस बघा.

(उघडं कॅबिनेट. बोट एका वायरीवर.)

आणि पुढचं पोर्ट गेलंच असेल, तर प्लग काढून वीज तोडा, कॅबिनेट उघडा आणि पुढच्या पॅनलकडून मदरबोर्डावर येणारी ही यूएसबीची वायर उपसून ठेवा. शॉर्ट तिथेच सुटतो. मागची पोर्टं पुरत नसतील, तर स्लॉटमध्ये बसणारं यूएसबी कार्ड मिळतं. लॅपटॉपमध्ये पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डावर असेल, तर तेवढाच बोर्ड बदलून घ्या.