पुढची खोली

दोन लोखंडी खाटा, मधे पडदा, कोपऱ्यात पाळणा. ही खोली आम्ही चित्रणासाठी मांडली, पण अशा खोल्या खरोखर होत्या. जवळपास रुग्णालय नसायचं, तेव्हा एखादी शिकलेली नर्स राहत्या घरातली पुढची खोली बाळंतपणांसाठी मोकळी करायची.

हे पातेलं पाहा. पाणी खळखळ उकळतंय. कात्री, चिमटे, नाळ बांधायचा दोरा, सगळं यात. कळा वेळ सांगून येत नाहीत, म्हणून हा विस्तव विझू द्यायचा नाही.

आणि हे हात. नखं कापलेली, अंगठी काढलेली, कोपरापर्यंत साबण. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी बाकीच्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्यांच्या विभागात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये दोनच्या आसपास. तरी कित्येक नामांकित डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं नाही. नर्सबाई मात्र घरातल्या बादलीपाशी उभ्या राहून दर बाळंतपणाला हे हात असेच घासायच्या. या बायकांना लोक प्रेमळ म्हणून आठवतात. त्यांचं शिक्षण कुणी आठवत नाही.

हा लाकडी कर्णा फ्रेंच डॉक्टर अडॉल्फ पिनार यांच्या नावाने ओळखला जातो. एक टोक पोटावर, दुसरं कानाला. कॅमेरा इथे मुद्दाम थांबलाय. बघा, हात सोडलेला आहे. कर्णा नुसत्या कानाने दाबून धरलाय, नजर घड्याळाच्या काट्यावर. मिनिटाला साधारण ११० ते १६० ठोके पडले, की बाळ ठीक.

बाळ आलं, की नाळ दोन ठिकाणी बांधून मधे कापायची. डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेट या जंतुनाशकाचा थेंब. जर्मन डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास सुरू केलेल्या या उपायाने कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. मग बाळामागून पडलेली वार (प्लॅसेंटा) ताटात पसरून बघायची. तुकडा आत राहिला असेल, तर रक्तस्राव थांबत नाही. पोटावर हात ठेवून गर्भाशय चेंडूसारखं घट्ट लागेपर्यंत नर्सबाई खाटेपासून हलायच्या नाहीत.

काही बाळंतपणं डॉक्टर पोहोचेपर्यंत हाताबाहेर गेली. १९३० च्या दशकात जंतुसंसर्गावरची सल्फा औषधं आली, पुढे रुग्णालयं वाढली, ही घरं बंद पडली.

पडद्यापलीकडची ती दुसरी खाट. नर्सबाई तिच्यावर धुतलेली चादर घालतायत. पातेल्याखाली विस्तव तसाच आहे.