माटोळीचे फोटो आले, कमेंट राहिल्या

(माटोळी. कॅमेरा खालून वर, सावकाश.)

हे तोरिंग, हे अंबाडे, हा सुपारीचा घोस, ह्या घागऱ्यो. गोव्यात चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि रानातलं जे जे मिळेल ते तिला बांधतात, ती माटोळी. आदल्या दिवशी बाजारात हे सगळं विकायला येतं, ते शूट करायला आम्ही पहाटे उठून गेलो होतो म्हणून जरा जास्तच दाखवतोय, सांभाळून घ्या.

(मास्तरांचा हात, मोबाईल.)

हे मास्तर. रिटायर्ड, फोंड्याकडचे. 2011 पासून दर चवथीला घरोघर फिरून माटोळीचे फोटो काढतात आणि एका सोशल साईटवर टाकतात, साईटचं नाव मुद्दाम घेत नाही. फोटोखाली विचारायचं, हे फळ कुठलं? मग सत्तरीतून कोणी नाव सांगणार, काणकोणातून कोणी म्हणणार नाही हो आमच्याकडे वेगळंच म्हणतात, की लागली जुंपायला. असं भांडत भांडत रानफळांच्या नावांची चांगली जाडजूड यादी जमली.

(स्क्रीन रेकॉर्डिंग.)

यंदा मास्तरांनी ठरवलं हे सगळं साईटवरून उतरवून घ्यायचं. तशी सोय असते, फेसबुकनं ती ऑक्टोबर 2010 मध्येच आणली, गुगलचं टेकआऊट 2011 चं. सेटिंगमध्ये जाऊन शोधायचं (शोधायचंच, समोर कोणी मांडून ठेवत नाही), तारखा द्यायच्या, मग विचारतात एचटीएमएल की जेसन. एचटीएमएल घ्या, ब्राउझरमध्ये उघडतं, वाचता येतं. मास्तरांनी जेसन घेतलं, ते मशीनला वाचायला सोयीचं. दोन दिवसांनी झिप आली, उघडली, आणि हे बघा. मराठीचा पत्ता नाही, जिकडेतिकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए. भाचा बसला होता बाजूला, तो म्हणाला बाईटचा घोळ आहे, बाईट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचा छोटा तुकडा, देवनागरीचं एक अक्षर तीन बाईटचं असतं आणि ह्यांनी प्रत्येक बाईट सुटं अक्षर धरून लिहिलंय. त्यानं पायथॉनमध्ये चार ओळींचा प्रोग्राम लिहिला आणि मराठी परत आली. मास्तरांचा चेहरा बघा. हा शॉट आम्ही अजिबात कापला नाही.

(फोल्डर, एकेक फोटो.)

फोटो आले. मास्तरांचे प्रश्न आले. उत्तरं नाहीत, एकही नाही. कारण कमेंट ज्यानं लिहिली त्याची, ती त्याच्या फाईलमध्ये जाणार. आता हे अगदीच चूक आहे असंही नाही, 2018 ला केंब्रिज अॅनालिटिका ह्या राजकीय सल्लागार कंपनीकडे एका अॅपमधून फेसबुकवाल्यांची माहिती गेल्याचं बाहेर आलं तेव्हा फेसबुकनंच सांगितलं होतं की भारतात ते अॅप 335 जणांनी घेतलं आणि मित्रयाद्यांमधून साडेपाच लाखांवर लोकांची माहिती गेलेली असू शकते. म्हणजे मित्राचं आहे म्हणून उचलून कोणालाही द्यायचं नाही, बरोबर. पण त्याच कमेंटवर कंपनी आत बसून धंदा करते तेव्हा ही प्रायव्हसी कुठे जाते?

(मोबाईलचं दुकान, सिमकार्ड.)

20 जानेवारी 2011 पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो. कंपनी बदला, पेडण्यातल्या मेहुण्याला फोन लागतोच, त्याची कंपनी कुठलीही असो. इथे साईट बदलली की मेहुणा मागे राहिला. युरोपात 25 मे 2018 पासून हक्क आहे, आपला डेटा मशीनला वाचता येईल असा मिळाला पाहिजे, आणि जमत असेल तर थेट दुसऱ्या कंपनीकडे गेला पाहिजे. आपल्याकडे डेटा संरक्षणाच्या 2019 च्या विधेयकात हा हक्क होता, 2023 च्या कायद्यात नाही. दिल्लीचं फुटेज आमच्याकडे नाही, पुढे जाऊ.

(मास्तर, वही, कानाला फोन.)

मास्तर आता एकेकाला फोन करून विचारतात, तुमची कमेंट वहीत उतरवून घेऊ का? सत्तरीवाले लगेच हो म्हणाले. काणकोणचे गृहस्थपण हो म्हणाले, फक्त नाव आमचंच बरोबर असं शेजारी लिहायचं.