विद्यार्थ्यांचं रेकॉर्डिंग मागवा

ऑनलाइन वर्गात परभाषेचे उच्चार शिकवता येतात का, असं शिक्षक विचारतात. येतात. पण ‘माझ्यामागून म्हणा’ ही पद्धत उचलून तिथे नेली, की फसगत होते आणि खापर फुटतं विद्यार्थ्याच्या जिभेवर.

आधी आवाजाचं बघू. जुन्या टेलिफोनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. ‘स’चं घर्षण बरंचसं त्याच्याही वर असतं, म्हणून फोनवर ‘स’ की ‘फ’ असा घोळ व्हायचा. आजचे व्हिडिओ कॉल कितीतरी चांगले, तरी नेट मंदावलं की हाच वरचा भाग कापला जाऊ शकतो. गोंगाट गाळणारी सोय तर कधी कधी श्वास आणि घर्षणही गोंगाटात जमा करते. आता मराठी शिकणाऱ्याला ‘जगातला’ आणि ‘जगण्यातला’ असे दोन ‘ज’ शिकवायचेत. फरक आहे तो नेमका या घर्षणात! तो म्हणतो बरोबर, तुम्हाला ऐकू येतं चूक.

सामूहिक उच्चारांचा नाद तर सोडूनच द्या. दोघं एकदम बोलले की यंत्रणा अनेकदा एकाचा आवाज दाबते. एका बाजूला 150 मिलिसेकंद उशीर चांगल्या संभाषणात खपतो, पण आवाज जाऊन परत येईपर्यंत एखादं अक्षर उच्चारून झालेलं असतं. ताल कसा जुळणार?

म्हणून माझा आग्रह एकच: विद्यार्थ्याने स्वतःच्या फोनवर, कॉलच्या बाहेर, वाक्य तीनदा रेकॉर्ड करावं आणि त्यातलं एकच पाठवावं. कुठलं पाठवायचं हे ठरवायला त्याला स्वतःला ऐकावं लागतं, आणि निम्मं काम तिथेच होतं. उरलेल्यासाठी ‘प्रात’ आहे. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोअर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेलं, आवाजाचा आलेख काढून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. इंग्रजी ‘पेन’मध्ये ओठ उघडल्यावर स्वर घुमायला लागेपर्यंत सुमारे 50-60 मिलिसेकंदांची फट असते. मराठी ‘प’मध्ये ती जवळजवळ नसते, म्हणून इंग्रजी कानाला आपला ‘प’ कधी ‘ब’ वाटतो. ही फट पडद्यावर दाखवता येते. (‘फ म्हणा’ हा सल्ला मात्र देऊ नका. आपल्यातले अनेक जण ‘फ’ दात ओठावर टेकवूनच काढतात.)

आणखी एक. 1991 मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी प्रौढांना इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ वेगळे ऐकायला शिकवलं, ते अनेक वक्त्यांचे आवाज वापरून. पुढच्या प्रयोगात एकाच आवाजावर शिकलेल्यांना नवा आवाज आला की अडायला झालं. फक्त आपलाच आवाज ऐकवणाऱ्या शिक्षकाने हे लक्षात घ्यावं. चार वेगळ्या माणसांचे आवाज गोळा करणं ऑनलाइन वर्गात सोपं आहे, वर्गखोलीपेक्षा सोपं.

कॅमेऱ्याचंही तसंच. इंग्रजीतले दोन ‘व’, एक दात ओठावर टेकवून आणि एक ओठ गोल करून, मागच्या बाकावरून दिसत नाहीत; पडद्यावर चेहरा जवळ असतो, स्वच्छ दिसतात. ‘ळ’ मात्र तोंडाच्या आत घडतो. तिथे मी एका तळहाताचा टाळू करतो, दुसऱ्या हाताची बोटं मागे वळवून त्याला टेकवतो आणि झटक्यात पुढे सोडतो. विद्यार्थ्यांनाही हात कॅमेऱ्यासमोर धरायला लावतो. जीभ कुठे चुकतेय ते बरेचदा हातच सांगून टाकतो.