कागदात गुंडाळलेल्या सहा बाटल्या

(दृश्य: ठाण्यात चरईतल्या एका जुन्या इमारतीचं स्वयंपाकघर. मे महिन्याची दुपार. ओट्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सहा बाटल्या, प्रत्येकीवर स्केचपेनने एक अंक.)

पाच बाटल्या हजाराच्या आतल्या. सहावी मुद्दाम बजेट मोडून आणलेली, परदेशी. सगळ्या व्हाइट वाईन. लेबलं कागदाआड आहेत आणि या फिल्मभर ती वाचता येणार नाहीत, कारण कंपन्यांची जाहिरात करायची नाही आणि बदनामीही नाही. मला एवढंच बघायचं होतं, की सातशे रुपयांत खरंच काय मिळतं.

750 मिलिलिटरच्या बाटलीतून दीडशे मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात. म्हणजे सातशेच्या बाटलीतला एक ग्लास पडतो 140 रुपयांना. बाटलीची किंमत ऐकून माणूस दचकतो, ग्लासाची ऐकून गप्प होतो.

(दृश्य: बाहेरची खोली. सतरंजीवर चार जण. मध्ये खारे शेंगदाणे, कोथिंबीर वडी, तळलेले बोंबील.)

चाखायला कुणी तज्ज्ञ बोलावले नाहीत. थोरली ताई आहे. भाऊजी आहेत, म्हणजे पक्के व्हिस्कीवाले. शेजारच्या काकू आहेत, त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वाईनचा ग्लास हातात धरलाय. आणि माझा एक मित्र, ज्याच्या चुलतभावाची नाशिकजवळ दिंडोरीला द्राक्षबाग आहे. भाचा एकोणीसचा. महाराष्ट्रात वाईनला एकवीस पूर्ण लागतात, त्यामुळे त्याच्याकडे ओतायचं आणि वहीत लिहायचं काम.

पहिली अडचण ग्लासांची. काचेचे चारच निघाले, म्हणून मी स्टीलचं फुलपात्र घेतलं. त्यात वाईनला वासच नाही! तीच वाईन काचेच्या ग्लासात ओतली, तर आला. फुलपात्राचं तोंड पसरट, वास वरच्यावर उडून जातो. वाईनच्या ग्लासाचं तोंड आत वळलेलं असतं, तिथे तो साठतो. हा नखरा असेल असं मला वर्षानुवर्षं वाटायचं.

एक नंबर. काकूंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"अरे, हिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतोय. शिळ्या."

दोन नंबर. ताई म्हणाली, ढोबळी मिरची. भाऊजी म्हणाले, पहिल्या पावसातलं गवत. दोघंही बरोबर होते. ती सोविन्यों ब्लां या द्राक्षाची होती, आणि ढोबळी मिरचीत जी वासाची द्रव्यं असतात, त्याच कुळातली या द्राक्षातही असतात. वासांची परदेशी नावं पाठ करायची काही गरज नाही. आपल्या मंडईत सगळं आहे.

तीन नंबर सगळ्यात स्वस्त, साडेचारशेची. गोडसर. पहिल्या घोटाला सगळ्यांना आवडली, तिचं पुढे काय झालं ते नंतर.

मग चार नंबर.

"पेरू," काकू म्हणाल्या. "पिकलेला नाही हं. अर्धकच्चा. जांभळी नाक्यावर तिखटमीठ लावून देतात ना, तसा."

भाच्याने वहीत लिहिलं: चार, पेरू, काकू खूश. भाऊजींनी तिची किंमत नऊशे लावली, एक नंबरची चारशे.

(दृश्य: भाचा एक आणि चार नंबरचे कागद फाडतो. कॅमेरा जवळ जातो. दोन्ही लेबलं अस्पष्ट केलेली, पण आकार-रंग सारखेच.)

एक आणि चार ही एकच वाईन होती. तेच लेबल, तीच शेनिन ब्लां द्राक्षं, तेच साल, तीच 720 रुपयांची छापील किंमत. फरक फक्त दुकानाचा. एक नंबर ज्या दुकानातून आणली, तिथे ती रस्त्याकडच्या काचेला लागून उभी होती, दुपारच्या उन्हात. किती महिने, देव जाणे. चार नंबर दुसऱ्या दुकानातल्या फ्रिजमधून आली.

दोन्ही ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवले, तेव्हा तर नाकाचीही गरज उरली नाही. चार नंबर फिकट, हिरवट छटेची. एक नंबर पार पिवळीजर्द, जुन्या मधासारखी.

मित्राला हे जास्त लागलं. त्याच्या घरी द्राक्ष म्हणजे वर्षभराचा जीव टांगणीला. त्याने सांगितलं ते थोडक्यात असं. वाईनचं द्राक्ष खायच्या द्राक्षासारखं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठी गोडी छाटणी. म्हणजे फळ थंडीत भरतं आणि जानेवारी ते मार्च तोड चालते. थंडीच का? तर नाशिककडच्या गार रात्रींमुळे मण्यातला आंबटपणा टिकतो. उन्हाळ्यात फळ पिकवलं तर साखर भरभर चढेल, आंबट उडून जाईल आणि वाईन सपक होईल. शेनिन ही मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली जात. गरम हवेतही ती आंबटपणा सोडत नाही, शिवाय माल चांगला धरते, म्हणून नाशिककडे तिने बस्तान बसवलं.

"डाउनीच्या बुरशीपासून वाचवायचं, भुरीच्या बुरशीपासून वाचवायचं, अवकाळीपासून वाचवायचं," तो म्हणाला, "आणि मग ती कसारा घाट उतरून ठाण्यात येते, नि आपण तिला उन्हात उभी करतो."

वाईन शॉप हे नावच फसवं आहे. आपल्याकडच्या वाईन शॉपमध्ये वाईन सोडून बाकी सगळ्याचा खप. व्हिस्कीला फळीवर कितीही दिवस ठेवा, तिचं फारसं बिघडत नाही. व्हाइट वाईनचं बिघडतं.

म्हणून लेबलवरचं साल बघायचं. स्वस्त व्हाइट वाईन जुनी झाल्याने सहसा सुधारत नाही, ताजी तितकी बरी. यातही एक गंमत आहे. युरोपातली तोड साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर. नाशिकची जानेवारी ते मार्च. त्यामुळे दोन्हींवर एकच साल छापलेलं असलं, तरी नाशिकची बाटली सहाएक महिन्यांनी मोठी असते.

(दृश्य: घड्याळ. चाळीस मिनिटांनंतर. ग्लासांवरचं दव वाळलंय.)

आता दुसरी फेरी. बर्फ नाही, फ्रिज नाही. तीच वाईन, खोलीइतकी कोमट. व्हाइट वाईन अशी पितात का? नाही. पण गारवा फार दोष झाकतो. घरचा फ्रिज चारेक अंशांवर असतो. तितक्या गार वाईनचा वास दबतो, गोडीही जिभेला कमी लागते. आठ ते दहा अंश हे तिचं खरं तापमान, म्हणजे फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं थांबायचं. ठाण्याच्या मे महिन्यात दहाच पुरेत.

तीन नंबरचं बिंग इथे फुटलं. कोमट झाल्यावर ती सरळ साखरेचं पाणी. ताईने अर्धा ग्लास तसाच ठेवला. चार नंबर मात्र कोमट होऊनही बोंबलाबरोबर उभी राहिली. घोट घेतला की लाळ सुटते, तोंडातलं तेल धुऊन निघतं आणि हात पुन्हा बशीकडे जातो. लिंबू पिळून जे होतं, तेच. दोन नंबर कोथिंबीर वडीबरोबर इतकी जमली, की वडीच आधी संपली.

पाच नंबरबद्दल सांगण्यासारखं काही नाही. प्यायली, विसरलो.

सहा नंबर. ऑस्ट्रेलियाची शार्दने, 1,450 रुपये. कागदाआड असताना भाऊजींनी तिला सातशे दिले होते. किंमत कळल्यावर त्यांनी पुन्हा एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आता कळतेय हिची मजा."

हसू नका. 2008 मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून रेड वाईन पाजली होती. 90 डॉलरची बाटली एकदा खरी किंमत सांगून, एकदा 10 डॉलरची म्हणून. महाग सांगितलेली जास्त आवडली, असं लोक नुसतं म्हणाले नाहीत. सुखद अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भागही जास्त चेतला. भाऊजी खोटं बोलत नव्हते, त्यांना ती खरंच जास्त आवडली होती.

आता त्या 1,450 मध्ये वाईन किती? आयात वाईनवर भारताची जकात वर्षानुवर्षं 150 टक्के. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार डिसेंबर 2022 मध्ये लागू झाला आणि ठरावीक किमतीच्या वरच्या बाटल्यांना सवलत सुरू झाली, तरीही जकात जबर आहे. उलट महाराष्ट्राने 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यातल्या वाईनला करसवलती दिल्या. म्हणून परदेशी बाटली दुप्पट महाग असली, तरी ग्लासात दुप्पट काही येत नाही. वाईट नव्हती ती. सातशेची असती, तर पुन्हा आणली असती.

अगदी तळाच्या किमतीचं गणितही असंच आहे. काच, झाकण, लेबल, ट्रक, दुकानदाराचा नफा हा खर्च साडेचारशेच्या बाटलीत फारसा कमी होत नाही. कात्री लागते ती द्राक्षाला. साडेचारशेवरून सातशेवर जाताना वाढलेल्या पैशांतला बराच भाग वाईनला मिळतो, असा माझा अंदाज. त्यानंतर तो नावाला मिळू लागतो.

(दृश्य: रात्र. रिकामी चार नंबर. अर्धी उरलेली सहा नंबर फ्रिजच्या दारात.)

दुसऱ्या दिवशी मी चार नंबरवाल्या दुकानात परत गेलो. एवढी काळजी घेता म्हणून आभार मानायचे होते. काउंटरवरचे गृहस्थ ओशाळून हसले.

"काळजी कसली, साहेब. फ्रिज बिअरसाठी आहे. खालच्या कप्प्यात जागा उरली होती, म्हणून वाईन सरकवली. आता उन्हाळा ना, बिअरला जागा पुरत नाही. कालच सगळ्या बाहेर काढल्या."

त्यांनी बोट दाखवलं. वरच्या फळीवर, ट्यूबलाइटखाली, ओळीने उभ्या होत्या.