कच्ची शिलाई

(दृश्य: सकाळ, अरुंद गल्ली. यंत्रमागांचा आवाज. मग शिलाई मशीनवर फिरणारे हात.)

इचलकरंजीच्या या गल्लीत शिरलं की आधी मागांचा खडखडाट कानावर पडतो. नीट कान दिला, तर त्यातूनच एका शिलाई मशीनची टकटक ऐकू येते. ही माझी मावशी. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय. डोक्यावरची टोपीही तिनंच शिवलीय, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांची. विचारलं की सांगते, "अख्ख्या गल्लीला डोक्यावर घेतलंय मी."

(दृश्य: टोपी काढते. खूण.)

मेनिंजिओमा. मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ. अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, सावकाश वाढतात आणि बायकांमध्ये जास्त आढळतात. मावशीची गाठ डावीकडं, पुढच्या भागात होती. डॉक्टरांनी कवटीचा तुकडा कापून बाजूला ठेवला, गाठ काढली, तुकडा परत जागेवर बसवला आणि टायटॅनियमच्या बारीक पट्ट्या नि स्क्रू लावून घट्ट केला. वरून कातडीला स्टेपलच्या पिना.

(दृश्य: मोबाईलवरचं चित्रण, हलतं.)

हे माझ्या मावसभावानं काढलंय, पिना काढायच्या दिवशी. मावशी आरशात बघते. बराच वेळ बघते. मग एकेक शब्द जुळवत डॉक्टरांना म्हणते, "ही... कच्ची शिलाई. पक्की... कधी मारणार?"

इथं चित्र हलतं, कारण भाऊ हसतोय. ऑपरेशननंतर ती इतकं लांब पहिल्यांदाच बोलली होती.

बोलणं अडखळत होतं, त्याचं कारण गाठीच्या जागेत होतं. 1861 मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका या डॉक्टरांनी एका रुग्णाबद्दल लिहिलं. त्याला समोरच्याचं बोलणं समजायचं, पण स्वतः बोलायला गेला की 'तां' एवढंच बाहेर पडायचं. त्याच्या मेंदूला इजा होती ती डावीकडं, पुढच्या भागात. मावशीचं एवढं नव्हतं. तिच्या हातात कात्री असायची आणि तोंडातून 'सुई' यायचं. चुकलंय हे तिला त्याच क्षणी कळायचं. हात मात्र काहीच विसरले नव्हते. हे बघा, काजं.

(दृश्य: स्पीच थेरपी. टेबलावर चित्रांची कार्डं.)

"काकू, हे काय?"

चित्र छत्रीचं आहे. मावशी डोळे मिटते. "पावसातला... ब्लाउज."

दोघी हसतात, आणि थेरपिस्ट ते वहीत लिहून घेतात. शब्द सापडला नाही तर थांबायचं नाही. ती वस्तू कशी दिसते, कशाला लागते, ते सांगत राहायचं, असं थेरपीत मुद्दाम शिकवतात. मावशीचे निम्मे विनोद या आडवाटेवर जन्मले. झारा म्हणजे 'भोकं पाडलेला चमचा'. मिक्सर म्हणजे 'घरातला माग'. ही यादी फ्रीजवर लावलीय, नातीच्या अक्षरात.

आम्हा घरच्यांना हे उशिरा समजलं. पहिले दोन महिने आम्ही तिची वाक्यं पुरी करत होतो. भेटायला येणारे तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, जणू तिला ऐकूच येत नव्हतं. आता घरात एक नियम आहे, तिनंच घातलेला: आधी मी हसणार, मग तुम्ही. ज्या दिवशी ती हसत नाही, त्या दिवशी कुणीच हसत नाही. असे दिवस येतात. त्या दिवसांत आम्ही कॅमेरा काढला नाही.

मधे एकदा फिट आली. गोळ्या चालू आहेत, स्कूटी बंद आहे, दुपारी झोपावं लागतं.

(दृश्य: दार. हातात ब्लाउजपीस घेतलेली मुलगी.)

"मावशी, कधी मिळेल?"

"मंगळ... नाही. शनि..." मावशी कॅलेंडरकडं बघते. मुलीला वार माहीत आहे, मागच्या वेळचाच आहे. ती बोलत नाही, उंबऱ्यावर बसते. मावशी बोटांवर मोजते.

"गुरुवारी."

"बरं."

"आणि बाही?" मावशी स्वतःच्या दंडावर बोट टेकवते. मुलगी बोट चार अंगुळं खाली सरकवते.

(इथून निवेदन नाही. फक्त मशीनचा आवाज.)